‘आध्मान’, ‘गॅसेस’ आणि पोटफुगी: आईच्या तक्रारीला नेमके काय म्हणायचे?

आपला प्रश्न मला असा समजला आहे. आपल्या आईंनी साठी ओलांडली आहे आणि मधुमेहासाठी त्यांना अलीकडे नव्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. गोळ्यांबरोबर मिळालेल्या मराठी माहितीपत्रकात दुष्परिणामांमध्ये ‘आध्मान’ असा शब्द होता. घरात कोणी त्याचा अर्थ पोटफुगी असा लावला, कोणी वायू असा, आणि आई म्हणाल्या, “म्हणजे गॅसेसच की, ते तर मला पहिल्यापासून आहेत.” आई पाठीत भरलेल्या उसणीपासून छातीतल्या जडपणापर्यंत सगळ्यालाच गॅसेस म्हणतात, त्यामुळे नव्या गोळीने काही बिघडले आहे की नाही हेच कळेनासे झाले आहे. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का आणि डॉक्टरांना नेमके काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

शब्दकोश उघडून याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते, पण त्याने आपली अडचण सुटणार नाही. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना मी रोज पाहतो की ‘गॅस’ हा शब्द घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी एकमेकींपासून फार वेगळ्या असतात, आणि त्यांतल्या काहींचा तर पोटातल्या वायूशी संबंधच नसतो. खरा प्रश्न असा आहे की पोटातला वायू अडतो आहे, खालून सरतो आहे, वर येतो आहे, की तो केवळ जाणवतो आहे. हे चार प्रकार वेगळे केले की शब्द आपोआप जागेवर बसतात आणि गोळीचा दोष किती हेही उलगडते. मात्र आईंना तपासल्याशिवाय कोणालाही निदान सांगता येणार नाही, आणि त्यांना कोणती गोळी सुरू झाली आहे हेही आपण लिहिलेले नाही. त्यामुळे पुढील विवेचनात ‘जर’ आणि ‘तर’ बरेच येतील.

आधी पत्रकातल्या शब्दाकडे पाहू. इंग्रजी पत्रकात त्या जागी ‘फ्लॅट्युलन्स’ असणार आणि भाषांतर करणाऱ्याने त्यासाठी ‘आध्मान’ हा शास्त्रीय वाटणारा शब्द योजला असणार. ‘फ्लॅट्युलन्स’ या शब्दात आतड्यातील वायू वाढणे आणि तो वारंवार गुदमार्गाने बाहेर पडणे या दोन्ही गोष्टी येतात, आणि औषधाच्या पत्रकात बहुधा दुसरी अधिक अभिप्रेत असते. संस्कृत ‘आध्मान’ शब्दाचा मूळ रोख निराळा आहे. ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीम आपला पौंड्र शंख फुंकतो तेथे ‘दध्मौ’ हे याच धातूचे रूप आले आहे. (गंमत अशी की त्याच ओळीत भीमाला ‘वृकोदर’ म्हटले आहे.) आध्मान म्हणजे फुंकून फुगवल्यासारखे झालेले पोट. सुश्रुतसंहितेत आध्मानाचे वर्णन तीव्र वेदना आणि गुडगुडाट असलेले, अतिशय फुगलेले पोट असे आहे आणि वाताचा निरोध हे त्याचे कारण सांगितले आहे. म्हणजे तेथे वायू अडलेला आहे. गोळीच्या पत्रकात जे सांगायचे आहे त्यात वायू अडलेला नसून उलट सुटतो आहे. पत्रक वाचणारी गृहिणी टम्म फुगलेले, दुखणारे पोट शोधते, ते तिला सापडत नाही, आणि दिवसभर चारचौघांत संकोच वाटावा इतका वायू सरत असूनही त्याचा गोळीशी संबंध ती जोडत नाही. मी ते पत्रक लिहिले असते तर ‘पोटात वायू जास्त होणे व तो वारंवार सरणे’ असे सरळ लिहिले असते. जागा थोडी जास्त लागली असती, पण आपल्या घरात वाद झाला नसता.

आयुर्वेदाच्या परिभाषेत या बाबतीत जी बारकाई आहे ती आपण रोजच्या बोलण्यात गमावली आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. पक्वाशयातला, म्हणजे खालच्या भागातला फुगवटा तो आध्मान, आणि आमाशयात, म्हणजे वरच्या भागात होणारा तो प्रत्याध्मान, असा भेद सुश्रुताने केला आहे. मल आणि वायू दोन्ही बांधल्यासारखे अडकून राहतात तेव्हा आनाह; आतड्यात आवाज होतो तो आटोप; वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाजती, अडवून धरल्यामुळे वायू उलटा फिरतो असे मानले तो उदावर्त. वाग्भटाने अडवू नयेत अशा नैसर्गिक वेगांची जी यादी दिली आहे तिची सुरुवातच वाताने, म्हणजे खाली सरणाऱ्या वायूने होते आणि मलमूत्र त्यानंतर येतात. पोट वाजवून पाहण्याची कल्पनाही या ग्रंथांत आहे. वातोदरात पोटावर टिचकी मारली तर फुगवलेल्या कातडी पिशवीसारखा आवाज येतो, आणि जलोदरात पोट पाण्याने भरलेल्या पखालीसारखे हलते, अशी वर्णने सापडतात. पाश्चात्त्य वैद्यकात बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत व्हिएन्नाच्या लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. आजही मी रुग्णाच्या पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतो तेव्हा हाच भेद ऐकत असतो: वायू असेल तर पोकळ, ढोलासारखा नाद, आणि पाणी किंवा गाठ असेल तर बद्द आवाज. ‘गॅसने पोट फुगलंय’ म्हणत आलेल्या माणसाच्या पोटात यकृताच्या आजारामुळे पाणी साठलेले निघावे, असे घडते.

आता आपल्या बोलीकडे. मराठीत या साऱ्यासाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. पोट फुगते, गच्च होते, डब्ब होते, जास्त जेवल्याने तडस लागते, पोटात गुबारा धरतो, पोट गुडगुडते, करपट किंवा आंबट ढेकर येतात, वायू सरतो किंवा वारा सरतो. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरला काही ना काही वेगळी माहिती देतो. मग या सगळ्यांच्या जागी एकटा ‘गॅसेस’ कसा येऊन बसला? माझ्या मते त्याचे मुख्य कारण संकोच हे आहे. ‘पाद’ हा शब्द लहान मुलांच्या हसण्यासाठी उरला आहे. कोणतीही प्रौढ बाई तो दवाखान्यात उच्चारणार नाही, आणि ‘वायू सरतो’ म्हणायलाही अनेकींना लाज वाटते. इंग्रजी शब्दाने ती लाज झाकली जाते. त्यातही आपण मराठी लोकांनी एक सोय करून घेतली आहे: ‘गॅस’ म्हणजे शेगडी किंवा सिलिंडर, आणि ‘गॅसेस’ हे अनेकवचन म्हणजे आजार. पण लाज झाकताना माहितीही झाकली जाते, आणि डॉक्टर घाईत असेल तर तोही पुढे काही न विचारता आम्ल कमी करणारी एक गोळी लिहून मोकळा होतो.

म्हणून ‘गॅसेस’ हा शब्द ऐकल्यावर मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो तो असा: “वायू वरून जातो, खालून जातो, की कुठूनच जात नाही?” संकोच तोडण्यासाठी हा प्रश्न मी मुद्दाम निर्विकारपणे विचारतो, आणि पुढचे बरेचसे उत्तर त्यातच मिळते.

वरून जातो, म्हणजे ढेकर येतात. यातला बहुतेक वायू पोटात तयार झालेला नसतो, तो गिळलेली हवा असतो. घाईघाईने जेवणे, जेवताना बोलणे, सोडायुक्त पेये, सतत सुपारी किंवा तंबाखू चघळणे, सैल झालेली कवळी यांमुळे हवा जास्त गिळली जाते. जेवणानंतर दोनचार ढेकर येणे हे काही आजाराचे लक्षण नाही. मिनिटाला अनेक असे लागोपाठ, मोठ्या आवाजाचे ढेकर देणारे काही रुग्ण असतात. त्यांच्यात हवा जठरापर्यंत पोचतच नाही. ती अन्ननलिकेत ओढली जाते आणि लगेच बाहेर टाकली जाते. ही नकळत जडलेली सवय असते, ती झोपेत थांबते, आणि तिच्यावर औषधापेक्षा पोटाने श्वास घेण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. ‘ढेकर काढला की बरं वाटतं’ म्हणून मुद्दाम ढेकर काढत राहणाऱ्यांना मी तो नाद सोडायला सांगतो, कारण प्रत्येक वेळी काढलेल्या हवेइतकीच किंवा तिच्याहून जास्त हवा आत जाते.

खालून जाणारा वायू मुख्यतः मोठ्या आतड्यात तयार होतो. लहान आतड्यात न पचलेली कर्बोदके तेथे पोचली की तेथील जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही माणसांत मिथेन तयार होतो. या वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंमुळे. निरोगी माणसाच्या आतड्यात एका वेळी साधारण १०० ते २०० मिलिलिटर वायू असतो, दिवसभरात अर्धा ते दीड लिटर बाहेर पडतो, आणि दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरणे सर्वसाधारण मानले जाते. हे आकडे ऐकून बरेच रुग्ण चकित होतात आणि काहींची तक्रार तेथेच संपते, कारण आपल्याला जे होते ते सगळ्यांनाच होते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

‘वातूळ’ म्हणून आपल्याकडे जे पदार्थ ओळखले जातात, म्हणजे वाल, पावटे, हरभरे, चवळी, राजमा, त्यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात. कडधान्य भिजवून ते पाणी फेकून देणे आणि मोड आणून उसळ करणे ही आपली जुनी रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण भिजवल्याने आणि मोड आल्याने या शर्करा कमी होतात. तरीही त्या शून्य होत नाहीत. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टॅन या घटकाचेही असेच होते, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. उसळ बंद केली, वांगी बंद केली, तरी गॅसेस जात नाहीत म्हणणाऱ्यांच्या ताटात कांदा तसाच असतो. दुधातील लॅक्टोज ही साखर न पचणे आपल्या देशात प्रौढांमध्ये बरेच आढळते. अशा लोकांना चहातले थोडे दूध किंवा दही चालते, पण रात्रीचा पेलाभर दुधाचा नेम पहाटे पोटात गडबड करतो. उपवासाचे तर बोलायलाच नको. ‘एकादशी दुप्पट खाशी’ या न्यायाने साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि रताळी एकाच दिवशी तुपासकट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ‘गॅस’वाल्यांची गर्दी असते. त्यात वायू किती आणि जठर सावकाश रिकामे झाल्याने आलेला जडपणा किती, हा भाग वेगळा.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त गोंधळाचा आहे: वायू ना वर जातो ना खाली, पण पोट गच्च वाटते. येथे ‘पोट फुगल्यासारखे वाटणे’ आणि ‘पोट प्रत्यक्ष फुगणे’ यांत फरक करावा लागतो. पोटविकारतज्ज्ञ हे दोन वेगळे मोजतात. सकाळी पोट सपाट असते आणि संध्याकाळपर्यंत साडीच्या निऱ्या किंवा परकराची नाडी सैल करावी लागते, असे सांगणाऱ्या स्त्रियांचे पोट खरोखर फुगते, त्या अतिशयोक्ती करत नाहीत. पण अशा लोकांच्या पोटातील वायू स्कॅन करून मोजला असता बहुतेकांत तो फारसा वाढलेला आढळत नाही. मग पोट का फुगते? त्यांच्यात श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, खाली सरकते आणि पोटाचे स्नायू सैल सुटतात, त्यामुळे आहे तेवढाच ऐवज पुढे ढकलला जातो. जोडीला आतड्याची संवेदना तीव्र झालेली असते, म्हणून दुसऱ्याला जाणवणारही नाही इतका वायू यांना असह्य होतो. बद्धकोष्ठ असेल तर हे सारे वाढते. अशा रुग्णाला वायू कमी करणारी औषधे देत राहून फार काही साधत नाही. मलप्रवृत्ती सुधारणे, जेवणाचे प्रमाण विभागणे, चालणे आणि श्वासाचा सराव यांनी अधिक फरक पडतो. आपल्या आईंच्या बाबतीत ‘पहिल्यापासून आहेत’ ते गॅसेस या प्रकारचे असण्याची शक्यता मला वाटते, पण ती शक्यताच आहे.

येथे एका घरगुती उपायाविषयी सांगितलेच पाहिजे. पाण्यात टाकून फसफसणारे फ्रूट सॉल्ट घेतले की मोठा ढेकर येतो आणि ‘गॅस निघाला’ असे समाधान होते. वास्तविक त्या पुडीतील खाण्याचा सोडा आणि आम्ल एकत्र आल्यावर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ढेकरातून बाहेर पडतो तो मुख्यतः तोच वायू असतो. जठरातील आम्ल तात्पुरते कमी होते हे खरे, त्यामुळे जळजळीला थोडा आराम मिळतो, पण आतड्यातील वायूवर त्याचा काही परिणाम नाही. त्यात सोडियमही पुष्कळ असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाने ते रोज घेऊ नये. सिमेथिकोन असलेल्या गोळ्या बुडबुडे एकत्र आणतात, पण वायू तयार होण्याचे थांबवत नाहीत. ओवा, हिंग, बडीशेप यांनी काहींना बरे वाटते. जेवणात वापरण्याइतक्या प्रमाणात त्यांना माझा विरोध नाही.

आईंच्या बोलण्यात पाठीतल्या उसणीलाही गॅसेस म्हणतात हे आपण लिहिले आहे. ‘गॅस पाठीत धरला’, ‘डोक्यात चढला’, ‘गुडघ्यात उतरला’ ही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा उगम समजावून सांगणे मला आवश्यक वाटते. आयुर्वेदातला वात म्हणजे पोटातली हवा नव्हे. शरीरातील सर्व हालचालींमागचे तत्त्व असे त्याचे स्वरूप आहे आणि प्राण, उदान, समान, व्यान, अपान हे त्याचे पाच प्रकार मानले आहेत. संधिवात, आमवात, पक्षवात या नावांमधला वात हाच. पोटातल्या वायूशी नाते असलेला त्यांतला अपान. पुढे ‘वायू’ची जागा ‘गॅस’ या शब्दाने घेतली तेव्हा वाताचे सर्वसंचारी स्वरूपही नकळत त्याला चिकटले, आणि आतड्यातली हवा सांध्यांत फिरू लागली. तसे होऊ शकत नाही. आतड्यातला वायू आतड्याच्या नळीतच राहतो, आणि रक्तात जो थोडा शोषला जातो तो श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासातला हायड्रोजन मोजून लॅक्टोज न पचण्याचे निदान करतात ते याच आधारावर.

तरीही रुग्णाला साफ खोटे ठरवू नये, कारण दुखण्याची जागा आणि दुखण्याचे कारण यांत अंतर असू शकते. मोठे आतडे डाव्या बरगडीखाली वळते तेथे वायू साठला की छातीच्या डाव्या बाजूला दुखते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात, आणि त्यानंतर एकदोन दिवस अनेकांचा खांदा दुखतो, कारण श्वासपटल आणि खांदा यांच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच भागात पोचतात. वायू खांद्यापर्यंत गेलेला नसतो, वेदना मात्र तेथे उमटलेली असते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती आपल्या प्रश्नातल्या ‘छातीतल्या जडपणा’ची. तो जडपणा गॅसचाच आहे असे गृहीत धरू नये. हृदयविकाराचा झटका आलेला असताना तासन् तास सोडा, ओवा आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेत बसलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. आपल्या आई साठीच्या पुढच्या आहेत, स्त्री आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. अशा रुग्णांत झटक्याची लक्षणे नेहमीच पुस्तकातल्यासारखी येत नाहीत. छातीत तीव्र वेदना न होता नुसते दडपण, मळमळ, धाप, घाम किंवा अतिशय थकवा एवढेच असू शकते. चालताना किंवा जिना चढताना येणारा आणि थांबल्यावर कमी होणारा जडपणा, जबडा, खांदा किंवा हातात जाणारी कळ, आणि थंड घाम, यांतले काहीही असेल तर ढेकर आल्याने बरे वाटले तरीही तो पुरावा मानू नये. जडपणा चालू असेल तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे ईसीजी काढता येतो अशा रुग्णालयात जावे. पहिला ईसीजी सामान्य असला तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्ताची तपासणी करतात, तेव्हा तेथून घाईने परत येऊ नये. जडपणा अधूनमधून येत असेल तर या आठवड्यातच हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि ती झाल्याशिवाय पोटाचा विचार करत बसू नये.

पोटाच्या बाबतीतही काही प्रसंगी थांबणे धोक्याचे असते. पोट वाढत चालले आहे, कळा येत आहेत, उलट्या होत आहेत आणि वायू व शौच दोन्ही पूर्ण बंद झाले आहेत, तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. सुश्रुताने वर्णिलेले अडलेल्या वायूचे घोर आध्मान या चित्राच्या सर्वांत जवळ जाते. म्हणूनच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन आणि परिचारिका रोज “वायू सरला का?” असे विचारतात, आणि ‘हो’ हे उत्तर आले की सगळ्यांचे चेहरे खुलतात. याखेरीज वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब ही लक्षणे सोबत असतील, किंवा पन्नाशीनंतरच्या स्त्रीमध्ये पोटफुगी नव्यानेच सुरू होऊन काही आठवडे जवळजवळ रोज राहत असेल आणि थोडे खाल्ल्यावरच पोट भरत असेल, तर तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. बीजांडकोशाच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा इतक्या साध्या तक्रारीने होते आणि ‘गॅसेस’ म्हणून ती मागे पडते.

आता गोळीकडे येऊ. पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकारबोज असे नाव असेल तर वायू वाढणे अपेक्षितच आहे, कारण त्या औषधाचे कामच तसे आहे. ते लहान आतड्यातील पिष्ट तोडणारी विकरे मंदावते, त्यामुळे जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. पण न तुटलेले पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणूंची चंगळ होते. हे औषध जेवणाच्या अगदी सुरुवातीला घ्यायचे असते. थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवले तर त्रास कमी होतो, आणि काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा त्रास आपोआप उतरतो. त्या काळात ताटात भात, बटाटा आणि साखर यांचे प्रमाण जास्त असेल तर वायूही जास्त होईल. मेटफॉर्मिन असेल तर मळमळ, जुलाब आणि पोटफुगी अधिक दिसते. ते जेवणाबरोबर घेणे किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची गोळी घेणे यांनी फरक पडतो. आपल्याकडे एकाच गोळीत दोनतीन औषधे एकत्र असणे सर्रास आढळते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. गोळीत ग्लिमेपिराइडसारखे साखर उतरवणारे औषधही असेल किंवा आई इन्सुलिन घेत असतील, आणि सोबत व्होग्लिबोज असेल, तर साखर अचानक कमी झाल्यास साधी साखर किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही. घरात ग्लुकोजची पूड ठेवावी. वायूच्या त्रासाला कंटाळून गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे दोन्ही मार्ग डॉक्टरांकडे आहेत, पण त्यांना तक्रार नीट कळली तरच ते वापरतील.

त्यासाठी पुढच्या भेटीत ‘गॅसेस’ हा शब्द काही वेळ बाजूला ठेवावा. “नवी गोळी सुरू झाल्यापासून जेवणानंतर दोनतीन तासांनी पोट गुडगुडते आणि वायू पूर्वीपेक्षा खूप जास्त सरतो, पण दुखत नाही,” असे एक वाक्य सांगितले तर डॉक्टरांचा संशय सरळ गोळीकडे जाईल. “गोळीच्या आधीपासूनच संध्याकाळी पोट गच्च होते, वायू सरत नाही, शौचाला खडा होतो,” असे असेल तर दिशा बद्धकोष्ठाची आहे. “जेवल्यावर छातीत जळजळते आणि आंबट पाणी येते,” हे आम्लाचे, आणि “चालताना छाती जड होते,” हे हृदयाचे समजून तपासले जाईल. आईंना हे स्वतः बोलायला संकोच वाटत असेल तर आठवडाभर एका वहीत कधी खाल्ले, काय खाल्ले, गोळी केव्हा घेतली आणि काय झाले एवढे लिहून ठेवावे व ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. त्यात पाठीची उसण कोणत्या दिवशी, काय उचलल्यावर भरली हेही लिहावे, म्हणजे ती या हिशेबातून वेगळी काढता येईल. गोळीचे पाकीट आणि ते माहितीपत्रकही सोबत न्यावे.